नंबर बरोबर, तरी दिसत नाही

पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. मी मात्र रुग्णाला आधी विचारतो, "पेपर वाचता का?" एका निवृत्त गुरुजींनी वाचन सोडलं होतं. चष्मा दोनदा बदलून झाला. तक्त्यावरची शेवटची ओळही ते वाचायचे, त्यामुळे घरच्यांना तो हट्ट वाटायचा.

तो हट्ट नव्हता. डोपामिन मेंदूत असतं तसं डोळ्याच्या पडद्यातही असतं. ते कमी झालं की फिकट-गडद फरक पुसट होतो. जिन्याची कड, पांढऱ्या बशीतला दहीभात नीट कळत नाही. तक्त्यावर काळी अक्षरं ठळक असतात, तिथे हे सापडणार कसं? शिवाय पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. जवळ बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत, मग एका ओळीच्या दोन दिसतात.

भरपूर उजेड, पायरीच्या कडेला ठळक पट्टी, वाचायला वेगळा चष्मा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि घरात नसलेली माणसं दिसत असतील तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. कधी ते औषधांमुळेही होतं. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.