बचत खाते

आमच्या घराण्यात उंची ही वस्तू वारसाहक्काने कधी कुणाला मिळालेली नाही. माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचेच, हा आमचा कुळाचार! अशा घराण्यातली माझी भाची एके दिवशी म्हणाली, "मामा, मी व्हॉलीबॉल खेळणार. विद्यापीठाकडून!"

तिची उंची ५ फूट १ इंच. बायकांच्या व्हॉलीबॉलचे जाळे २.२४ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्याही वर. मी पडलो कॉमर्सचा माणूस. वजाबाकी केली, तूट सव्वादोन फुटांची निघाली! ताईला वेगळीच चिंता. "गुडघे फोडून घेतलेस, तर उद्या पाहुण्यांना काय सांगू?"

पण खेळाच्या कायद्यातच एक फट निघाली. १९९८ पासून संघात 'लिबेरो' नावाचा गडी आला. सदरा वेगळ्या रंगाचा. जाळ्यापाशी उडी मारून अडवायचे नाही, जाळ्याच्या वरून चेंडू हाणायचा नाही. मागे राहून फक्त चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. म्हणजे चक्क बचत खातेच की हो!

भाची पहाटे पाचला उठून पडायला शिकली. निवड चाचणीत पहिल्या वर्षी नाव नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. ती रात्री न जेवता झोपली आणि पहाटे पुन्हा पडायला गेली. तिसऱ्या वर्षी यादीत आली, अगदी तळाला.

टाळ्या स्मॅश मारणारीला मिळतात, हे खरे. पण बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारा, बुडू न देणाऱ्याची किंमत काय असते!

ताई हल्ली पाहुण्यांना लेकीचे सोललेले गुडघे प्रमाणपत्रासारखे दाखवते.