बरणी आणि पिंप

फेब्रुवारी सरत आला की वसईच्या बाजारात काळी द्राक्षं स्वस्त व्हायची आणि आजी दोन पिशव्या घेऊन निघायची. उपवासकाळ सुरू असायचा, शुक्रवारी मटण बंद असायचं, आणि नेमक्या त्या दिवसांत तिच्या डोक्यात नाताळ असायचा. नाताळची वाईन डिसेंबरात करतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण द्राक्षांचा भर फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा घातलेली वाईन पावसाळाभर बाटल्यांत मुरली, तर डिसेंबरात तिला रंग आणि चव येते. आजीचं वर्ष पंचांगावर चालत नव्हतं आणि चर्चच्या कॅलेंडरवरही पुरतं चालत नव्हतं. कुठलं फळ कधी पिकतं आणि ते मुरायला किती वेळ घेतं, यावर ते चालायचं.

बरणी चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी. कैरीच्या लोणच्याची बरणी वेगळी असायची आणि त्या दोन कधीही एकमेकींच्या जागी वापरल्या जात नसत. द्राक्षं धुऊन, देठापासून सोडवून, धोतराच्या फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. मग हाताने चुरडायची, पण बी फुटू द्यायची नाही, कारण फुटली तर कडवटपणा उतरतो. द्राक्षांच्या वजनाएवढी साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, आणि कोमट पाण्यात फेसाळून घेतलेलं थोडं यीस्ट. आजीच्या तरुणपणी यीस्टऐवजी ताडीच घालत. नाताळच्या तळलेल्या फुग्यांचं पीठही तेव्हा ताडीवरच आंबायचं. बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं, त्यावर झाकण नुसतं टेकवायचं आणि बरणी पलंगाखाली अंधारात सरकवायची. मुदत 21 दिवसांची.

या दिवसांत रोज एक काम असायचं. चर्चची सांजघंटा झाली, प्रार्थना झाली, की आजी बरणी ओढून काढायची. द्राक्षांच्या सालींचा जाड थर वर तरंगत आलेला असायचा. कोरड्या लाकडी डावाने तो हळूच खाली दाबायचा, तळापासून एकदा ढवळायचं आणि पुन्हा फडकं बांधायचं. ओला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात फडकं सोडताना आतून चुरचुर आवाज यायचा आणि तो ऐकायला आम्ही भावंडं कान लावून बसायचो. डाव फिरला की फेस उसळून वर यायचा, जांभळट गुलाबी, आणि त्या वासाने नाकात झिणझिण्या यायच्या. साली वर कोरड्या पडल्या तर त्यांच्यावर बुरशी धरते, चिलटं बसतात, आणि हवेवर जगणारे आंबट जीवाणू वाईनचा सिरका करून टाकतात. आजीला जीवाणू ठाऊक नव्हते. 'वर सुकू द्यायचं नाय' एवढंच ती सांगायची आणि त्यात सगळं आलं.

तिच्या कृतीतली एकेक गोष्ट मला पुढे पुस्तकांत भेटत गेली आणि प्रत्येक वेळी तिच्याविषयीचा आदर वाढत गेला. आंबणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरने 1857 पासूनच्या संशोधनातून दाखवलं. यीस्ट साखर खातं आणि तिचं जवळजवळ निम्मं अल्कोहोल नि निम्मा कार्बन डायऑक्साइड करतं. 1 किलो साखर पूर्ण आंबली, तर 250 लिटरहून जास्त वायू तयार होतो. झाकण नुसतं टेकवायचं ते त्यासाठीच, घट्ट लावलं तर बरणी फुटेल. अल्कोहोल 14-15 टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की बहुतेक यीस्ट दमतं, आणि आजीच्या मापाची साखर त्याला सगळी संपवताच येत नाही. म्हणून ती वाईन गोड राहायची आणि टिकायचीही. गाळताना ती अंड्याचा पांढरा बलक फेटून घालायची. तो तुरट द्रव्यांना धरून तळाशी बसतो आणि वर माणकासारखं नितळ उरतं.

पण गहू कशाला, हे मला बराच काळ उमगलं नव्हतं. त्याचं उत्तर घरात नव्हतं, वाडीत होतं.

न्हाणीच्या मागे एक पिंप असायचं. त्यात बाबा शेंगदाण्याची पेंड भिजत घालायचे, कधी एरंडीची. चार-पाच दिवसांत त्यावर साय धरायची, बुडबुडे यायचे, आणि वास असा सुटायचा की वाळत घातलेले कपडे दुसरीकडे न्यावे लागायचे. बाबा बांबूने ते ढवळायचे, पाणी घालून पातळ करायचे आणि पानवेलींच्या मुळाशी, केळीच्या बुंध्याशी तांब्या-तांब्याने घालायचे. आमची वाडी थोडकीच, पण तिच्यात राजेळी केळी होत्या, पानवेली होत्या, मांडवावर दुधी आणि पडवळ, कडेला अळू. पाणी विहिरीचं, आणि विहिरीला आधार बावखलाचा. पावसाचं गोडं पाणी बावखलात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि उन्हाळ्यात विहिरीत उतरायचं. आजीच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला रेडा जुंपलेला. माझ्या आठवणीत मात्र विजेचा पंपच आहे.

पेंडीत प्रथिनं असतात, आणि प्रथिनांत नत्र. शेंगदाणा पेंडीत ते साधारण 7 टक्के असतं. पिंपातले जीवाणू ती प्रथिनं फोडतात, मातीतले जीवाणू पुढचं काम करतात, आणि वेलीला तिच्या मुळांनी घेता येईल असं अन्न तयार होतं. यीस्टलाही नुसती साखर पुरत नाही, त्याला वाढायला नत्र लागतं. द्राक्षात ते थोडं असतं, आणि पाणी-साखर घातल्यावर आणखी विरळ होतं. उपाशी यीस्ट मग कुजक्या अंड्यासारखा वास सोडतं. मूठभर गहू त्याला थोडंफार नत्र देतात. म्हणजे आजी पलंगाखाली जे करत होती आणि बाबा न्हाणीच्या मागे जे करत होते, ते एकच काम होतं. दोघंही न दिसणाऱ्या जीवांना जेवू घालत होते. एकाचा वास घरभर हवासा वाटायचा आणि दुसऱ्याचा नकोसा, एवढाच फरक. गाळून उरलेला द्राक्षांचा चोथा आजी केळीच्या आळ्यात पुरायची, तेव्हा बरणी आणि पिंप खरोखरच एकत्र यायची.

1980च्या दशकात वसईत टँकर सुरू झाले. विहिरींचं पाणी विकलं जाऊ लागलं, उपसा वाढला आणि समुद्राकडचं खारं पाणी आत सरकलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, लोक हजारोंनी रस्त्यावर आले. मी तेव्हा मुंबईत नोकरीला लागले होते, सुट्टीत मोर्च्यांना यायचे. बावखलं तरीही बुजत गेली. आजूबाजूच्या वाड्यांवर चाळी उठल्या, मग इमारती. आमच्या विहिरीचं पाणी एका उन्हाळ्यात मचूळ लागलं आणि त्या वर्षी पानवेली गेल्या. पानवेलीला खारं सोसत नाही. बाबा त्यानंतर पिंपाशी फारसे गेले नाहीत.

मुंबईतल्या माझ्या घराला दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून मी मेथी, टोमॅटो आणि मिरच्या लावल्या. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून सोसायटीत तक्रारी झाल्या, मग मी डब्यांखाली ताटल्या ठेवल्या. त्याच सुमारास कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं लिखाण हाती आलं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत सुखाने जगू शकतं, हे त्यांचं म्हणणं, आणि प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ते करून पाहिलं. मला त्यांच्याकडून मिळालं ते असं, की जमीन किती आहे यापेक्षा ऊन किती पानांवर पडतं आणि पालापाचोळा कुठे जातो, हे आधी पाहावं. मी स्वयंपाकघरातला एकही देठ बाहेर टाकेनाशी झाले. झाकणाच्या बादलीत पेंड भिजवली, गूळ घातला. गुळाने वास निवळतो, कारण साखर मिळाली की आंबवणारे जीव जोर धरतात आणि कुजवणारे मागे पडतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृत या द्रवखतातही हेच आहे: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर जिवंत माती, आणि सावलीत दोन दिवस. गूळ आणि बेसन, म्हणजे पुन्हा साखर आणि नत्र.

वाईनचं बोलायचं तर कायद्याचंही बोलायला हवं. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी असं काही करणं गुन्हा ठरवलं. तो कायदा आजही नाव बदलून लागू आहे. गावठी भट्टीतल्या विषारी दारूने माणसं मरतात, संसार उघड्यावर पडतात, आणि तिथे सरकारने कठोर असायलाच हवं. पण सणासाठी घरच्यांपुरती द्राक्षं आंबवणारी आजी आणि भट्टीवाला यांना एकाच कलमात बसवू नये, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर 200, विक्रीला मनाई. त्यावेळी त्या देशात बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते. आज तिथे हजारो छोटे कारखाने आहेत आणि त्यांतले कितीतरी घरच्या बादलीपासून सुरू झाले. आपल्याकडेही घरापुरती मर्यादा आणि विक्रीला बंदी, एवढं लिहिता येईल. मोहाची फुलं, जांभळं, करवंदं यांच्याविषयी घराघरांत असलेलं ज्ञान त्यामुळे चोरटेपणातून बाहेर येईल.

निवृत्तीनंतर मी वसईला परतले. दोन गुंठे उरले होते आणि विहीर. पावसाचं छपरावरचं पाणी आधी विहिरीत सोडायची सोय केली, कारण त्यावाचून बाकी सगळं व्यर्थ होतं. तीन-चार पावसाळ्यांनी पाण्याची चव पालटली. पानवेली लावायचं धाडस अजून केलेलं नाही, पण राजेळीचे मुनवे धरलेत. अंगणात जांभूळ आहे, जूनमध्ये त्याचा सडा पडतो, आणि मी त्याचा सिरका करते. बरणी तीच, फडकंही तसंच, फक्त इथे हवा हवी असते, म्हणून झाकण ठेवत नाही. डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलला तो सिरका घातला की बाजारातला पुन्हा वापरवत नाही.

माझी भाची टोरांटोजवळ राहते. तिथे घरापुरती वाईन करायला कायद्याची आडकाठी नाही, आणि ती हायड्रोमीटर लावून, आकडे वहीत टिपून करते. या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"मावशी, तिसऱ्या दिवसापासून घाण वास येतोय. अंड्यासारखा. फेकून देऊ का?"

"गहू घातलेस?"

"नाही. पणजीच्या कृतीत होते, पण मला वाटलं उगाच घालायचे म्हणून."

मी तिला नत्राचं सगळं सांगितलं. तिने तिथल्या दुकानातून यीस्टचं खाद्य आणून घातलं, जोरात ढवळलं आणि आठवड्याने वास गेल्याचं कळवलं. आता तिला मागच्या अंगणात टोमॅटो लावायचे आहेत. पेंड तिथे कुठे मिळणार, म्हणून गाळलेल्या द्राक्षांचा चोथा आत्तापासून खड्ड्यात, वाळल्या पानांच्या थरांत घालायला मी सांगितलं आहे. बर्फ वितळेपर्यंत तो पुरता कुजणार नाही, तिकडे थंडीत सगळं सावकाश होतं. मे महिन्यात एकदा उलथून, पाणी मारून, मग रोपं लावावीत.