जस्सीचा चष्मा

२००३ साली सोनी वाहिनीवर ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही नवखे धर्मगुरू होतो. जाड चष्म्याची, दातांना तारा लावलेली जस्सी फॅशनच्या कचेरीत हुशारीवर टिकून आहे, हे पाहून समाधान वाटे. पुढे मालिकेनेच चष्मा नि तारा उतरवून तिला रूपवती केले. आम्ही प्रवचनात त्यावर टीकाही केली.

त्याच सुमारास धर्मग्रामातील एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीपूर्वी आशीर्वाद घ्यावयास आली. “बाय, जरा नीटनेटकी होऊन जा हो,” आम्ही सहज बोलून गेलो. आदल्याच आठवड्यात तिचा भाऊ चुरगळलेल्या सदऱ्यात आला होता. त्याला आम्ही फक्त परीक्षेचे गुण विचारले होते. (आमचा झगा तर वर्षानुवर्षे तोच!)

ती काही बोलली नाही. ओढणी सारखी करीत पायऱ्या उतरली.