नवरात्रातले बूट

शनिवार, 20 सप्टेंबर 2025, मल्लेश्वरम

बंगळुरूचा खरा पाऊस जूनमधला नव्हे, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना हे पटेपर्यंत एक-दोन पावसाळे जातात, आणि तोवर चामड्याच्या बुटांवर बुरशी धरलेली असते. आज जरा उघडीप मिळाली म्हणून बाल्कनीतलं चपलांचं कपाट रिकामं केलं.

यांचे डोंगरात वापरायचे बूट सगळ्यांत मागे होते. चांगले महागाचे, कापडी पिशवीत बांधून ठेवलेले. दसऱ्याच्या सुट्टीत सावनदुर्गला जायचं म्हणून यांनीच बाहेर काढले, घालून दोन पावलं टाकली आणि फरशीवर काळा भुगा पडला. सोलचा मधला थर शिळ्या भाकरीसारखा तुटत होता.

"अगं, चार वर्षं हात लावला नाही यांना!"

हात लावला नाही म्हणून काही फायदा होत नाही. असे सोल बहुतेक पॉलियुरेथेनचे असतात. हलके, पायाला मऊ, पण त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या मालाला हवेतला ओलावा सोसत नाही. पाणी त्याच्या लांबलचक साखळ्या एकेक करून तोडत जातं, आणि कपाट बंद असलं म्हणून ते काम थांबत नाही. वरचं चामडं नव्यासारखं, शिवण घट्ट, नाडीसुद्धा पांढरी, आणि खाली पीठ. इथे गोंद लावायला हे निघाले होते. मी डबा काढून घेतला. गोंद भुग्याला चिकटेल, भुगा गोंदासकट सुटून येईल. याला सबंध नवा सोल लागतो, तोही वरचं सगळं पीठ खरवडून काढल्यावर.

रविवार, 21 सप्टेंबर

सकाळभर नुसती वर्गवारी. कुठे चिकटवून भागेल, कुठे टाका लागेल, कुठे काहीच नको.

आपण हल्ली जे बूट घालतो, त्यातले बरेचसे मुळात चिकटवलेलेच असतात. वरचा भाग साच्यावर ताणायचा, त्याची कड आत वळवायची, खालून सोल डकवायचा. शिवलेल्या पट्टीचे, सोल उसवून पुन्हा बसवता येण्यासारखे बूट महाग, आणि बंगळुरूच्या रस्त्यांवर तसे थोडेच. इथून चेन्नईच्या रस्त्याला लागलं की अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट ही चामड्याची गावं लागतात. परदेशी जाणारे बूट तिथे बनतात. त्या कारखान्यांत सोल खरवडतात, त्यावर आधी पातळ प्रायमर, मग गोंद, मग उष्णता देऊन तो जागा करतात आणि यंत्राखाली दाबतात. घरी तेच करायचं, फक्त यंत्राच्या जागी मनगट. म्हणजे काम अवघड नाही, पण आळशी माणसाचंही नाही.

माझे ऑफिसचे बूट चामड्याचे, सोल रबराचा, टाचेपाशी सुटलेला. हे होईल. सासूबाईंच्या चपला पीव्हीसीच्या. पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात तेलकट पदार्थ घातलेला असतो, तो हळूहळू वर पाझरतो आणि साध्या रबरी गोंदाला लिबलिबीत करून टाकतो. त्याला पॉलियुरेथेनचा वेगळा गोंद लागतो. लेकीचे खेळाचे बूट पुढून तोंड वासून बसलेत. तिथे कुणीतरी (नाव विचारलं तर "मला काय माहीत") झटकन चिकटणाऱ्या गोंदाची आख्खी ट्यूब ओतली आहे. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. फुटलेल्या कपाचा कान त्याने छान बसतो, पण बूट पावला-पावलाला वाकतो. बोटांपाशी तर सगळ्यांत जास्त. तिथे कडक थर टिकणार कसा? तडकून पापुद्रे झालेत, आणि ते काढल्याशिवाय दुसरं काही लागणार नाही.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना. आजपासून जीएसटीचे नवे दर. 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर आता 5 टक्के. काल परवापर्यंत हजाराच्या आतल्या जोडावर 12 आणि त्यावरच्यावर 18 होते. लेकीने सकाळीच मोबाईल समोर धरला. "आई, आता तरी नवे घेऊया. तू कशाला त्या सोलांशी झगडतेस?"

सासूबाईंचं वेगळंच. "घट बसलेत आणि घरात चपलांचा बाजार मांडलायस."

"बाल्कनीत आहे, आई."

"बाल्कनी घरातच असते."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पसारा गॅलरीच्या कोपऱ्यात नेला आणि वर चादर टाकली. पण दिवसभर मनात राहिलं. आमच्याकडे पंखा उघडलेला चालतो, मिक्सर चालतो, सायकलचं पंक्चर काढलेलं चालतं. हात काळे झाले तरी कौतुक होतं. बूट मांडीवर घेतला की मात्र कपाळाला आठी. आठी अस्वच्छतेपुरतीच असती तर पंक्चरलाही पडली असती.

बुधवार, 24 सप्टेंबर

दुपारी ऊन. माझे ऑफिसचे बूट घेतले.

सुटलेल्या जागेत जुन्या गोंदाचा पिवळा, चकचकीत पापुद्रा होता. बोथट सुरीने तो खरवडला, मग खरखरीत पॉलिश पेपर. रबराची चकाकी जाऊन ते करडं दिसेपर्यंत आणि चामड्याची लव उभी राहीपर्यंत घासायचं. वेळ सगळा यातच गेला. शेवटी अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवून धूळ आणि पॉलिशचं मेण काढलं. मेण राहिलं की कुठलाही गोंद हार खातो.

गोंद सुतारमंडळी सनमायकाला वापरतात तो, फेविकॉल एसआर 998. पांढरं फेविकॉल लाकडासाठी, ते इथे उपयोगाचं नाही. हा पिवळसर, मधासारखा ओघळणारा. याचा जीव म्हणजे पॉलिक्लोरोप्रीन, 1930 साली अमेरिकेत ड्यू पाँच्या प्रयोगशाळेत निघालेलं कृत्रिम रबर. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं. बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला काही येणार नाही, इतकं सुकलं पाहिजे. चामड्याने पहिला हात पिऊनच टाकला, म्हणून तिथे दुसरा दिला.

ओलं असतानाच दाबायचा मोह सगळ्यांना होतो. पण ओला दाबला तर त्यातला द्रावक आत कोंडतो, बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि आठवड्याने सोल पुन्हा हलतो. इथल्या दमट दिवसांत आणखी एक भानगड. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर दवासारखं धरतं. डोळ्याला दिसत नाही, गोंदाला कळतं. म्हणून पाऊस पडत असताना हे काम काढू नये. काढलंच तर जोडण्यापूर्वी केसांच्या ड्रायरने ऊब द्यावी. त्याने थर गरम होऊन पुन्हा जागा होतो, हा कारखान्यातलाच प्रकार.

जोडताना एकदाच संधी. हे दोन थर एकमेकांना टेकले की सरकत नाहीत. टाचेकडून सुरुवात केली, बसवत पुढे आले, मग लाकडी मुठीच्या हातोडीने ठोकलं. या गोंदाला किती वेळ दाबलं याचं फारसं नाही, किती जोरात दाबलं याचं आहे. तरीही सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या केल्या आणि बुटाभोवती आवळून रात्रभर ठेवलं. मनाची समजूत.

शुक्रवार, 26 सप्टेंबर

बूट बसला आहे. कड नखाने उचकटून पाहिली, दाद देत नाही.

गोंदाचा वास मात्र दोन दिवस गॅलरीतून गेला नाही. डब्यावर लिहिलेलं असतं, हवेशीर जागी वापरा, विस्तवापासून दूर ठेवा. आपण औषधाच्या चिठ्ठीसारखं तेही वाचत नाही. पण त्या ओळीमागे माणसं आहेत. जपानात 1960 च्या दशकात घरोघरी सपाता चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली ताकद गेली, बोटं बधिर झाली. गोंदातल्या हेक्झेनने नसा खाल्ल्या होत्या. काम घरातच, खोली लहान, थंडीत खिडक्या बंद. इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की चपला-बूट करणाऱ्यांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढतोय, आणि धागा गोंदातल्या बेंझीनपाशी जातो. जगाने बेंझीनचा धसका घेतला, त्यात या चांभारांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे.

मी वर्षातून दोन जोड चिकटवणार. उघड्या गॅलरीत, डब्याचं झाकण लगेच लावून. मला काही होत नाही. दिवसभर त्याच डब्याशेजारी बसणाऱ्याचं गणित निराळं. त्याच्यासाठी रस्ता तरी उघडा असतो. कोंदट खोलीत हजारो जोड चिकटवणाऱ्यांना तेवढंही नाही.

रविवार, 28 सप्टेंबर

लेकीचे आणि यांचे बूट पिशवीत घालून मार्गोसा रोडच्या बाजूला बसणाऱ्या मामांकडे गेले. मामा अथणीकडचे, त्यामुळे कन्नड-मराठी दोन्ही. वर दोरीने ताणलेलं निळं प्लास्टिक, पुढ्यात लोखंडी तिपाई, आरी, रापी, मेण ओढलेला दोरा.

लेकीचा बूट त्यांनी हातात घेऊन वाकवला, सोलमध्ये अंगठ्याचं नख रोवलं, नाकाशी नेला. मी पुस्तकं वाचून जे शोधत होते, ते त्यांना नखाला कळतं.

"हा फोमचा सोल हाय ताई. नुसत्या गमनं बसणार न्हाई. कुनी काचंचा गम घातलाय ह्यात? ते काढतो, घासतो, लावतो. पन म्होरं टाका घालायलाच पायजे."

टाका का, ते मला पटतं. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायला जा, गोंद जबर विरोध करतो. पण कडेने सोलायला लागा, तर सगळा जोर एका रेघेवर येतो आणि रेघ पुढे पुढे सरकत जाते. बूट पुढून सुटतो तो असा. दोऱ्याचा टाका त्या रेघेला अडवतो. गोंद आणि टाका यांत भांडण लावण्यात अर्थ नाही, दोघांची कामं वेगळी.

यांच्या बुटाकडे मामांनी नुसतं पाहिलं. "पीठ झालंय की. सोल बदलून घ्या. रबरी मिळतो तयार, आनून ठेवतो. वजन जरा वाढंल." सहाशे सांगितले. सोल धरून. मी घासाघीस केली नाही.

कोल्हापुरीचा विषय निघाला, निघणारच. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन 2019 सालचं, आणि ते दोन राज्यांचं मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात. गेल्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, नाव-गाव न सांगता, आणि आपल्याकडे दोन्ही राज्यांत एकदम अभिमान जागा झाला. मामांना ते ठाऊक होतं. "ते दावलं होतं आमच्या पोरानं. आमच्या आज्यानं जल्मभर तेच केलं, गम न्हाई, खिळा न्हाई, सगळं वादीनं शिवायचं." मग जरा थांबून, "आता पोरगं गाडी चालवतंय, अ‍ॅपवर."

मामांच्या खोक्याच्या आतल्या बाजूला एक तसबीर आहे, बाराव्या शतकातल्या, बसवण्णांना मानणाऱ्या चांभार शरण हरळय्यांची. सोलापूरकडच्या माणसांना ही कथा सांगावी लागत नाही. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दोनदा नमस्कार केला, एवढ्या ऋणाने कासावीस होऊन हरळय्या आणि कल्याणम्मा यांनी आपल्याच मांडीच्या कातड्याच्या चपला करून त्यांच्यापुढे ठेवल्या. बसवण्णांनी त्या पायात न घालता डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्यांच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लग्न लागलं, आणि बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांना ठार केलं, असं परंपरा सांगते. कल्याण तिथून पेटलं. ते गाव, आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, आमच्या सोलापूरपासून फार लांब नाही.

सासूबाई सोलापूरच्या. ही गोष्ट त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकली होती.

बुधवार, 1 ऑक्टोबर

खंडेनवमी. इथली आयुधपूजा म्हणजे सगळं शहर पुसलेलं-धुतलेलं, रिक्षांना केळीचे खांब, चौकाचौकांत कोहळ्याच्या लाल फोडी, त्यावरून घसरणारे स्कूटरवाले. मामांचं खोकं बंद असेल असं वाटलं होतं. काम बंद, खोकं उघडं. तिपाई, आरी, रापी, हातोडी ओळीने धुऊन मांडलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकू आणि शेवंती. गोंदाच्या डब्यालाही कुंकवाचं बोट. मला चुरमुरे-खोबऱ्याचा प्रसाद मिळाला, बूट नाही. "परवा या."

घरी यांनी लॅपटॉपची पूजा केली. मी पॉलिश पेपर आणि गोंदाचा डबा शेजारी नेऊन ठेवला. सासूबाईंनी पाहिलं, ताम्हनातली दोन फुलं उचलली. एक लॅपटॉपवर, एक डब्यावर. "कोल्हापुरीची वादी सुटलीय माझी," एवढंच म्हणाल्या. "तुझ्या त्या मामांना दाखव. तू नको लावूस गोंद त्याला."

रविवार, 5 ऑक्टोबर

लेकीचा बूट आला. पुढे अर्धगोलात टाके, दोरा काळा, बुटाला पांढरी कड. ती म्हणते विचित्र दिसतं. मला तर आवडलं. कॉलेजला तेच घालून गेली, म्हणजे फार विचित्र नसावं.

यांच्या बुटांना नवा रबरी सोल लागला आहे. सावनदुर्गचा बेत पावसाने गेला तो गेलाच, दिवाळीनंतर बघू म्हणतात. त्याआधी रोज अर्धा तास घालून फिरायला लावणार आहे. चिकटलेलं कसं आहे ते डोंगरावर नाही, सँकी टँकच्या फेऱ्यांत कळलेलं बरं. सोल हललाच तर घरी परत येता येतं.

पीव्हीसीच्या चपलांचं अजून राहिलंय. पॉलियुरेथेनचा गोंद आमच्या आठव्या क्रॉसच्या हार्डवेअरवाल्याकडे नाही, तो म्हणतो शनिवारी आणतो. वादीचे मामांनी वीस रुपये घेतले.