जामघाटाची वाट आणि चार टायर

इंदूरहून महेश्वरास जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक आग्रा-मुंबई महामार्गाने धामनोदवरून. रुंद, सोयीची आणि बरीचशी कंटाळवाणी. दुसरी महूवरून जामघाट उतरून मंडलेश्वरास पोहोचणारी. विंध्याची कड जेथे संपते तेथे अहिल्याबाईंनी 1791 साली बांधविलेला जाम दरवाजा उभा आहे. त्याच्या गवाक्षातून खाली पाहिले की निमाडचा सारा मुलूख पसरलेला दिसतो. पाठीशी माळवा राहतो. होळकरांच्या दोन राजधान्यांमधील ही वाट आम्हां इंदूरकरांना आजोळच्या वाटेइतकीच जवळची वाटते.

यंदा आषाढात याच वाटेने जाण्याचे ठरले, आणि त्या निमित्ताने घरात एक प्रश्न उभा राहिला. आमच्या पुतण्याची गाडी वेगवान आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन, बसकी बांधणी, आणि पायाच्या नुसत्या स्पर्शाने उसळणारा स्वभाव. तिच्या टायरांवरील खाचा झिजून तळाच्या खुणांशी पातळीला आल्या होत्या. 1.6 मिलिमीटर उंचीच्या या खुणा म्हणजे टायरची शेवटची सीमा. पावसाळ्यात तर तीन मिलिमीटर उरले असतानाच टायर बदलावेत, असे जाणकार सांगतात. खाचांचे काम रबराखालचे पाणी बाहेर काढण्याचे आहे. ते पाणी निघाले नाही, तर वेगात चाक रस्त्यावर न टेकता पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगू लागते, आणि मग ब्रेक व स्टिअरिंग यांना काही अर्थ राहत नाही. टायर जितका रुंद तितका हा धोका लवकर येतो, आणि वेगवान गाड्यांचे टायर रुंदच असतात.

टायरच्या अंगावर 225/45 आर 17 94 डब्ल्यू अशी अक्षरे होती. रुंदी 225 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 45 टक्के, रिम 17 इंची, प्रत्येक टायरची भारक्षमता 670 किलो, आणि शेवटचे अक्षर वेगाचे: डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किलोमीटर. दुकानदार मनाने भला. त्याने तीन सल्ले दिले. एक, 210 च्या मर्यादेचे एच टायर स्वस्तात घ्या, 270 ने कोण जाणार आहे? दोन, खड्ड्यांसाठी 50 टक्के उंचीचे घ्या. तीन, सध्या दोनच बदला.

पहिला सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. परंतु ते अक्षर केवळ वेगाचे नसून उष्णता सोसण्याचे आणि बांधणीचेही आहे. गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेखाली उतरणे आम्हांस पटले नाही. दुसऱ्या सल्ल्याने चाकाचा व्यास सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक शंभर दाखवील तेव्हा गाडी 103 च्या पुढे असेल, आणि वळणावर चाक आतल्या पत्र्यास घासण्याची भीती वेगळीच. तिसऱ्याबाबत एवढेच, की दोनच घ्यायचे झाले तर नवे टायर मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि सामान्य चालकास ती सावरत नाही.

पुतण्याचा ओढा मात्र चौथीकडेच होता. त्यास हवे होते मऊ रबराचे, शर्यतीच्या घाटणीचे टायर. महूच्या पश्चिमेस पीथमपूरला 2021 साली खुली झालेली 11.3 किलोमीटरची वेगचाचणीची धावपट्टी आहे. तिची वळणे अशी कलती आहेत, की ताशी 250 च्या वेगालाही गाडी स्टिअरिंग न वळवता त्यांवरून जावी. तेथे असले टायर शोभतात. जामघाटात मात्र समोरून सोयाबीनच्या पेरणीचे ट्रॅक्टर येतात, त्यांच्या चाकांची काळी माती डांबरावर सांडते, वर पावसाची भुरभुर होते, आणि तो चिखल साबणासारखा निसरडा होतो. शिवाय मागच्या आसनावर ऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री. आम्ही त्यास म्हटले, टायर गाडीच्या इंजिनासाठी घ्यायचे की वाटेसाठी, ते तूच ठरव.

अखेरीस त्याने मूळ मापाचे, डब्ल्यू अक्षराचेच, परंतु ओल्या रस्त्यावर पकड धरणारे आणि जरा आरामशीर जातीचे चार टायर घेतले. निवड तशी फार नव्हती. 2020 च्या जूनमध्ये परदेशी टायरांची आयात परवान्याच्या बंधनात आली, तेव्हापासून अशा मापांचे काही नमुने दुकानात दिसेनासे झाले. आमच्या शेजारीच, खेड्याला, एका जपानी कंपनीचा कारखाना 1998 पासून टायर बनवतो आहे. पण घराजवळ बनते म्हणून हवे ते माप मिळतेच असे नाही! पुतण्याने प्रत्येक टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे पाहून घेतले. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नव्या वेष्टनातला माल जुना निघू शकतो.

नव्या रबरावर साच्यातला निसरडेपणा काही काळ राहतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे लागते. तेवढ्यासाठी त्याने उज्जैनच्या दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेस मातोश्रींनाही महाकालाचे दर्शन घडले, तेव्हा टायरांचा खर्च त्यांना एकदम रास्त वाटू लागला.

घाट उतरताना पाऊस होता. दरवाजापाशी ढग इतके खाली आले होते, की निमाड दिसलाच नाही. दुसऱ्या वळणावर एक ट्रॅक्टर आडवा आला, पुतण्याने ब्रेक लावला, गाडी सरळ रेषेत थांबली, आणि मागून मातोश्रींनी विचारले, "काय रे, महेश्वर आले का?"

महेश्वरास घाटापाशी उतरल्यावर बायका माहेश्वरी साड्यांच्या दुकानांकडे वळल्या. पुतण्या चाकापाशी उकिडवा बसून खाचांत अडकलेले खडे एक एक करून काढत होता.