शब्दांची मोजदाद

टपाल खात्यात नोकरी करणारा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पहाटे साडेपाचला लिहावयास बसे. समोर घड्याळ असे. दर पंधरा मिनिटांत २५० शब्द, असा त्याचा स्वतःशीच केलेला करार होता. कादंबरी हाती घेताच तो एक रोजनिशी आखी आणि रोज किती पाने झाली ते तिच्यात मांडी. ‘पान’ हा शब्द मोघम; म्हणून २५० शब्दांचे एक पान, हेही त्याने ठरवून टाकले होते. आठवड्याला सरासरी सुमारे ४० पाने होत. आळसात गेलेला दिवस त्या वहीतून त्याच्याकडे टक लावून पाहत राही. ही कबुली त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात आहे. प्रतिभावंताने वाण्यासारखी वही ठेवावी, हे पुष्कळ रसिकांना रुचले नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वेची वही म्हणजे खोक्याचा एक पुठ्ठा. हवानाजवळच्या घरात त्यावर तो रोजचे शब्द नोंदवी: ४५०, ५७५, ४६२, १२५०. आकडा मोठा असला, की दुसऱ्या दिवशी स्वारी निर्धास्तपणे मासेमारीला जाणार असे समजावे!

आता ही वही संगणकात आली आहे. स्क्रिव्हनर या लेखन-प्रणालीला एकूण शब्द, अखेरची तारीख आणि लिहिण्याचे वार सांगितले, की ती रोजचा वाटा काढून देते. लिखाण वाढते तशी तांबडी पट्टी हिरवी होत जाते. रविवार वगळला, तर त्या दिवसाच्या वाट्याला काहीच येत नाही. इथवर सारे सुखाचे.

पेच पडतो तो खोडण्याचा. समजा, एखाद्याने सकाळभर बसून फुगलेला ३०० शब्दांचा उतारा काढून टाकला. पट्टीने उणे आकडा दाखवावा की शून्यावर थांबावे, हे लेखकाला ठरवता येते. पण उणे काय नि शून्य काय, श्रमाची नोंद दोन्हींत नाही. असा हिशेब रोज पाहणारा मनुष्य हळूहळू काटछाटच टाळू लागतो. नकोसे विशेषण तसेच राहू देतो, कारण तेवढाच एक शब्द जमेला. म्हणून पहिला खर्डा होईतो शब्द मोजावेत. पुढे पट्टी मिटवून तपासलेली पाने किंवा बसलेले तास मोजावेत, हेच बरे.

‘अ फेअरवेल टू आर्म्स’चे शेवटचे पान समाधान होईपर्यंत ३९ वेळा लिहिले, असे हेमिंग्वेने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले. पट्टीच्या लेखी त्यातले जमेला एकच पान.