येऊ द्या... येऊ द्या... बास!

गुरुवार, सकाळचे साडेअकरा. बाणेरच्या ऑफिसात स्टेटस मीटिंग चालू होती. मॅनेजर स्क्रीनकडे बोट दाखवून डेडलाईनचं पुराण सांगत होता आणि टेबलावर माझा मोबाईल थरथरला. आई! आमची आई ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाही. केलाच तर समजायचं, काहीतरी घडलंय. मी तशीच उठून बाहेर आले.

"काय नाही झालं, तू घाबरू नको," आईने सुरुवात केली. आता अशी सुरुवात ऐकून कोण घाबरणार नाही, सांगा बरं?

झालं होतं ते असं. सकाळी सात वाजता अण्णा नेहमीसारखे दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाले. गाडी अंगणातून मागे घ्यायची, वळवायची आणि रस्त्याला लागायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. शेजारच्या काकांचा नातू, वय वर्षं दोन, गाडीच्या अगदी मागे फतकल मारून प्लास्टिकचा ट्रॅक्टर चालवत बसला होता. अण्णांनी आतल्या आरशात पाहिलं, बाहेरच्या आरशात पाहिलं. कुणी नाही. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि ओट्यावरून आई किंचाळली. कचकन ब्रेक लागला. पोराला साधं खरचटलंही नाही. ट्रॅक्टरचा मात्र चुरा झाला.

"तवापासून ओट्यावर बसून आहेत. चहा पण घेतला नाही," आई म्हणाली.

मीटिंगमध्ये परत गेले, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. दुपारी दादाला फोन लावला. तो चाकणला कंपनीत आहे. त्याचा निकाल एका वाक्यात आला, "विकून टाका ती गाडी." मीही मान डोलावली. अण्णांचं वय अडुसष्ट. मानेचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी पट्टा दिलेला. मान डावीकडे जेमतेम वळते, उजवीकडे तेवढीही नाही. पुण्यात बसून असा निकाल देणं किती सोपं असतं ना?

आता या गाडीविषयी थोडंसं. तुमच्या-माझ्या पिढीसाठी ओम्नी म्हणजे हिंदी पिक्चरमधली किडनॅपिंगची गाडी. सरकतं दार उघडतं, दोन हात बाहेर येतात आणि हिरोची बहीण गायब! आमच्याकडे वेल्ह्याच्या बाजूला मात्र हीच गाडी सगळ्यांच्या उपयोगी पडते. सरकारी कागदावर आमचा तालुका आता राजगड झालाय, पण तोंडातून वेल्हंच निघतं. अण्णांनी २००४ साली ओम्नी घेतली तेव्हा मी पाचवीत होते. ७९६ सीसीचं चिमुकलं इंजिन तेही पुढच्या सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात बसल्या जागी फुकट शेक. त्या गाडीतून इंद्रायणी तांदळाची पोती पुण्याला गेली, लग्नाची वऱ्हाडं भोरला गेली, रात्री-अपरात्री अडलेल्या बायका नसरापूरच्या दवाखान्यात पोचल्या. वाडीतली किमान तीन पोरं तरी "अण्णांच्या गाडीमुळे" सुखरूप जन्माला आली, असं त्यांच्या आया सांगतात. पंधरा वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून अण्णांनी तिचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवलं. अशी गाडी विका म्हणायचं? कुणी सांगायचं?

शनिवारी स्वारगेटवरून एसटी पकडून घरी गेले. अण्णा माझ्याशी नीट बोलेनात. गाडी गुरुवारपासून जागची हलली नव्हती. दूध शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून जात होतं. संध्याकाळी मीच विषय काढला.

"अण्णा, तुमची काही चूक नव्हती."

"मी आरशात बघितलं व्हतं," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला दिसलं न्हाय."

हे दुसरं वाक्य मला लागलं. मग मी एक प्रयोग केला. अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि गाडीच्या मागे पितळी कळशी ठेवली. "दिसतेय?" "न्हाय." एक पाऊल मागे सरकवली. "आता?" "न्हाय." असं करत करत सात पावलं झाली, तेव्हा कुठे त्यांना कळशीचा काठ दिसला. सात पावलं! म्हणजे गाडीच्या मागे वाडीतली सगळी बालवाडी मांडी घालून बसली असती, तरी चालवणाऱ्याला पत्ता लागला नसता. मग मी स्वतः सीटवर बसून पाहिलं. माझी मान ठणठणीत, डोळ्यांना नंबर नाही. मलाही कळशी दिसली नाही. दोष अण्णांच्या वयाचा कमी आणि मागच्या काचेच्या उंचीचा जास्त होता. आत तांदळाची पोती रचली की तर आतला आरसा नुसता शोभेचा.

मग इतकी वर्षं हे जमलं कसं? उत्तर मला माहीत होतं. गाडीच्या मागे मी असायचे! गाडी काढायची म्हटली की अण्णांची हाक, "कोण हाय रे मागं?" की मी नाहीतर दादा धावत जायचो. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं घ्या... बास!" आणि मागच्या पत्र्यावर दोन थापा. एक थाप म्हणजे चालू द्या, दोन म्हणजे थांबा. तुम्ही गावाकडचे असाल तर ही भाषा तुम्हाला शिकवायला नको. एसटीचे कंडक्टर आणि ट्रकचे क्लीनरही असेच मागे उभे राहतात. मी बारावीनंतर पुण्याला आले, दादा त्याआधीच गेला होता. आईचे गुडघे धरलेले. म्हणजे गाडी जुनी झाली, अण्णा म्हातारे झाले हे खरंच, पण मागे उभं राहणारं माणूसही निघून गेलं होतं. आणि वर तेच माणूस पुण्यातून सल्ला देत होतं, गाडी विका म्हणून!

रविवारी परत येताना एसटीत मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. गाडीच्या मागे कॅमेरा लावायची कल्पना काही नवी नाही. ब्युइक कंपनीने १९५६ साली प्रदर्शनासाठी बनवलेल्या सेंच्युरियन गाडीत आरशाऐवजी शेपटाला टीव्ही कॅमेरा होता. पण मला हलवून सोडलं ते कॅमेरून गुलब्रान्सन या नावाने. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा दोन वर्षांचा मुलगा. २००२ साली घराच्या दारातच, रिव्हर्स घेणाऱ्या वडिलांच्या गाडीखाली तो गेला. वडील लहान मुलांचे डॉक्टर होते! त्याच्या नावाचा कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला आणि १ मे २०१८ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ओम्नीचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. म्हणजे १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी जन्मभर मागचं न बघताच मागे गेली!

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून लवकर सटकून नाना पेठ गाठली. कॅमेरा आणि साडेचार इंची स्क्रीन, दोन्ही मिळून अठराशे रुपये. तापकीर गल्लीतून वायर, टेप, फ्यूज आणि टेस्टर. एवढ्या पैशांत आपली टीम एका संध्याकाळी पिझ्झा खाते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फिटिंगचे पाचशे." मी म्हटलं, मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे! (खरं सांगू? डिग्रीनंतर सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती.)

वरकरणी काम सोपं असतं. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्या दिव्याच्या वायरवरून कॅमेऱ्याला १२ व्होल्ट द्यायचे. काळी वायर रंग खरवडून पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडायची. व्हिडिओची लांब केबल मॅटखालून पुढे न्यायची आणि स्क्रीनला फ्यूज लावून चावीवरचा सप्लाय द्यायचा. रिव्हर्स टाकला की कॅमेरा जागा होतो, चित्र आलं की स्क्रीन जागी होते. बस्स, एवढंच.

प्रत्यक्षात काय झालं? सरकत्या दाराखालून केबल न्यायची म्हणजे ती दारात चिरडणार नाही अशी वाट काढावी लागते. त्यातच एक तास गेला. मग चावी फिरवली, रिव्हर्स टाकला, स्क्रीन काळी ठिक्कर. अण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि स्क्रीन लखलखली! मी वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली होती. "म्हंजी ब्रेक दाबला की मागचा पिक्चर," अण्णा म्हणाले. त्या गुरुवारनंतर प्रथमच हसताना त्यांना पाहिलं, असं आई नंतर म्हणाली.

बरोबर वायर सापडली तर रिव्हर्सचा दिवाच गेलेला निघाला. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. नवा बल्ब बसवला. चित्र आलं, पण उलटं. तुळशी वृंदावन खरं उजवीकडे, स्क्रीनवर डावीकडे. अण्णा स्क्रीनवर विसंबले असते तर वृंदावनाचं काही खरं नव्हतं. मागे बघतानाचं चित्र आरशासारखं हवं, हे मला तेव्हा कळलं. कॅमेऱ्याच्या वायरीला एक छोटा हिरवा फास होता. माहितीपत्रकाप्रमाणे तो कापला आणि डावं-उजवं जागेवर आलं. शेवटी स्क्रीनवरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा. त्या भलत्याच गाडीच्या मापाच्या असतात. गाडीपासून बरोबर दोन फुटांवर वीट ठेवली आणि लाल रेषा विटेला टेकेपर्यंत कॅमेरा वाकवत राहिले. "लाल रेघेला काही लागलं की थांबायचं," मी अण्णांना सांगितलं. दोन थापा वाजवून सांगायचे, तस्संच.

आता सगळं गोडगोड झालं असं समजू नका. वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल. तोरणा जूनमध्ये ढगात जातो तो लवकर बाहेर येत नाही. चाकांचा चिखल कॅमेऱ्यावर उडतो, काचेवर पाण्याचा थेंब बसला की सगळं जग वितळल्यासारखं दिसतं. गाडी काढायच्या आधी ओल्या फडक्याने कॅमेरा पुसायचा, हे आईने स्वतःकडे घेतलंय. रात्री चित्रात मुंग्या येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा फक्त मागचं बघतो. बाजूने धावत येणारं पोर त्याला उशिरा दिसतं. म्हणून आमच्या घरात नियम केलाय. आधी गाडीभोवती पायी एक फेरी, मग स्क्रीन, मग गिअर. त्या दोन वर्षांच्या साहेबांसाठी नवीन ट्रॅक्टरही आलाय, अण्णांनी स्वतः आणलेला. तो ओट्यावरच चालवायचा, असा त्याच्या आजीचा हुकूम आहे.

दोन महिन्यांनी अण्णा मला घेऊन भोरला आत्याकडे गेले. बाजारपेठेतली तिची गल्ली अशी अरुंद, की समोरून म्हैस आली तर एकाने माघार घ्यावी. समोरून टेम्पो आला आणि माघार आम्हाला घ्यावी लागली. जुनी सवय, मी दार सरकवून खाली उडी मारली आणि मागे जाऊन सुरू झाले, "येऊ द्या, येऊ द्या..."

गाडी जागची हलेना. खिडकीतून अण्णांचा आवाज आला, "सर बाजूला, पोरी. तू मधी आलीस. मला दिसतंय सगळं."

मी बाजूला झाले. अण्णांनी एका दमात, मान न वळवता गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे नेली. टेम्पोवाल्याने हात केला. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि थोडंसं वाईटही वाटलं, ते कशाचं हे त्या गल्लीत उभं राहून मला नीट सांगता आलं नसतं.

गाडी थांबल्यावर मी मागून चालत गेले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. उगाच. आतून अण्णांनी हॉर्न दिला.